नवीन चामडी होल्स्टर तेलात बुडवू नका

'नवीन होल्स्टर घट्ट असेल तर रात्रभर तेलात बुडवा आणि कडक उन्हात वाळवा' असा संदेश फिरतो आहे. (होल्स्टर म्हणजे पिस्तूल ठेवायचं म्यान.) तो चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

होल्स्टरचं चामडं ओलं करून पिस्तुलाच्या आकारावर दाबून बसवलेलं असतं. पिस्तूल जागच्या जागी धरून ठेवते ती हीच ताठ घडण. तेल मुरलं की ती सैल पडते. मऊ झालेली कड आत दुमडून ट्रिगरला अडली, तर पिस्तूल आत सरकवताना गोळी सुटू शकते. उन्हाने चामडं आक्रसतं, तडकतं. माझं एक होल्स्टर असंच तेल पाजून वाया गेलं. ते पुन्हा ताठ झालंच नाही.

खरी रीत साधी आहे. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. रिकामं पिस्तूल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून होल्स्टरमध्ये पूर्ण बसवा, किंचित हलवा आणि रात्रभर कुलपात राहू द्या. बहुतेकदा एवढ्याने भागतं. एरवी मात्र पिस्तूल त्यात साठवू नका. चामडं ओल धरतं, गंज चढतो.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच लोकांना हा खुलासाही पाठवा.