पाठ टेकली की हार? ती कुस्तीत, जुडोत नाही

परवा सरावात भाची जमिनीवर जाताच पालथी झाली आणि मान आत ओढून पडून राहिली. का गं, विचारलं तर तिने मोबाईल पुढे केला. क्लासच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज : जुडोत पाठ टेकली की हरलात, खाली सापडलात तर पालथे व्हा, गळा आवळला तरी टॅप (हाताने थोपटून हार मानणं) करू नका, रेफ्री थांबवेल, पाठीवरून लढणं हे ब्राझीलवाल्यांचं, म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सूचं, काम.

टॅपचं आधी बोलते, कारण या सल्ल्याने एखादं पोर बेशुद्ध पडेल. जमिनीवर काहीच घडत नसेल तर रेफ्री 'माते', म्हणजे 'थांबा', म्हणतो. गळा लागत असताना तो कशाला थांबवेल? मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या की दहा-एक सेकंदांत शुद्ध हरपते. त्यात पालथ्या पोराचा चेहरा मॅटमध्ये, रेफ्रीला तो दिसतही नाही. गळा लागला की टॅप. लगेच.

शिवाय पालथं पडलं की समोरचा पाठीमागे जातो. तो काय करतोय ते दिसत नाही, आपले दोन्ही हात गळा वाचवण्यात गुंततात. पाठीवर असाल आणि तो तुमच्या पायांच्या मधे असेल, तर तो समोर दिसतो, हात-पाय मोकळे असतात, खालूनच जुजी-गातामे, म्हणजे कोपर ताणणारी हाताची पकड, लावता येतं.

पाठ टेकली की हार, हे कुस्तीतलं चीतपट. उभ्याने जोरात, वेगाने पाठीवर फेकलं गेलं तर इप्पॉन, म्हणजे थेट लढत जिंकून देणारा पूर्ण गुण, समोरच्याला जातो, तेवढं खरं. पण जमिनीवर दाबून इप्पॉन घ्यायला 20 सेकंद पकड टिकवावी लागते. आणि आंतरराष्ट्रीय जुडो महासंघाचा नियम स्पष्ट आहे : खालच्याने वरच्याचा पाय आपल्या पायांत अडकवला की पकड मोजलीच जात नाही, मोजणी सुरू असेल तर रेफ्री 'तोकेता' म्हणून ती थांबवतो. खालून लढण्याची सोय नियमातच आहे, अजून काय हवं?

ब्राझीलचं म्हणाल, तर पायांच्या त्रिकोणात गळा आवळणारा संकाकु-जिमे जपानमधल्या कोसेन, म्हणजे उच्च शाळा-महाविद्यालयांच्या, जुडो स्पर्धांमध्ये घडला. त्या स्पर्धा 1914 साली क्योतोत सुरू झाल्या.

हो, उभ्या लढतीत डाव न टाकता नुसतं खाली बसून समोरच्याला ओढलंत तर शिदो, म्हणजे नियमभंगाची ताकीद, मिळतो. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर म्हणा हवं तर.

भाचीला सांगितलंय, उद्या सुरुवातच पाठीवरून. मी तिच्या पायांच्या मधे बसणार, पाच मिनिटं, आणि पालथं व्हायचं नाही.