वाचाल तर फसाल

घरच्या कॉम्प्युटरवर एखादे ॲप चढता चढता थांबते आणि पडद्यावर एक चौकट उगवते. आत इंग्रजीतली दोन वाक्ये, खाली लांबलचक आकडा. ती चौकट वाचू नका. कोपऱ्यातली फुली दाबून आधी तिला घालवा आणि मगच घरात जाहीर करा, "कॉम्प्युटर बिघडला!" काय आलं होतं असे कुणी विचारलेच, तर "काहीतरी इंग्लिशमध्ये होतं" एवढे उत्तर पुरते. गिरगावपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही घरात चौकशी याच्या पुढे जात नाही.

आकडा तर मुळीच टिपून ठेवू नका, कारण त्याला अर्थ असतो. सुरुवात ०एक्स८००७ अशी असेल, तर शेवटचे चार अंकच सगळे सांगून टाकतात. ०००५ म्हणजे परवानगी नाही, ०००२ म्हणजे हवी ती फाइल सापडत नाही, ००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. एवढे कळले तर काम लवकर आटपेल आणि रविवारची दुपार रिकामी पडेल. विंडोजही काही धुतल्या तांदळासारखे नाही म्हणा. कधीकधी त्या चौकटीत नुसतेच ‘समथिंग वेंट राँग’ असते. काहीतरी चुकले, एवढे तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही सांगतात.

समजा, जागा नाही असेच निघाले. तरी काहीही पुसायचे नाही. गेल्या सात गणपतींचे व्हिडिओ, रोज सकाळी आलेले सूर्योदय, ‘बायोडाटा फायनल’, ‘बायोडाटा फायनल नवा’ आणि ‘बायोडाटा हाच फायनल’, सगळे सी ड्राइव्हवरच राहू द्या. अगदीच जिवावर बेतले तर थोड्या फाइली रीसायकल बिनमध्ये टाका आणि बिन रिकामी करू नका. ती जागा अडलेलीच राहते. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात स्टोरेज, त्यात टेम्पररी फाइल्स अशी एक जागा आहे. तिथे कोणता कचरा किती जीबी खातो, ते मांडून दाखवतात. तिकडे फिरकूही नका. त्यापेक्षा कॉम्प्युटर ‘सुपरफास्ट’ करून देणारे एखादे फुकटचे सॉफ्टवेअर उतरवा. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, शिवाय ती पखालही त्याच डिस्कवर ठेवायची.

ॲप उतरवायचे ते बनवणाऱ्याच्या साइटवरून कधीच नको. नाव शोधा आणि सगळ्यात वर जी जाहिरात येईल तिच्यावरच्या सर्वांत मोठ्या हिरव्या बटणावर विश्वास टाका. एक मागितले तर चार मिळतात. दादरच्या बाजारातही इतके वरकड कुणी घालत नाही.

रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करायची शिस्त असेल आणि डेस्कटॉप जुना असेल, तर एक वेगळीच मौज पाहायला मिळते. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर२०३२, तीन व्होल्टची. ती संपली की सकाळी घड्याळ एकदम काही वर्षे मागे गेलेले असते. मग साइटची सुरक्षा प्रमाणपत्रे कॉम्प्युटरला अजून लागूच न झालेली वाटतात, स्टोअर उघडत नाही आणि अपडेट तर जागचे हलत नाही. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळते. पण तारीख सुधारण्याची घाई कशाला? २००९ दिसते आहे तर दिसू द्या, तेव्हा लोकलचा पासही स्वस्त होता. तोवर केबलवाल्याला फोन करून नेट स्लो असल्याबद्दल झापा.

वेळेचेही पथ्य आहे. मायक्रोसॉफ्ट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट सोडते. तिकडची सकाळ म्हणजे आपली रात्रीची साडेदहा-साडेअकराची वेळ. म्हणजे बुधवारी सकाळी तुमचा कॉम्प्युटर कामात असणार. अकरावीचा फॉर्म किंवा इन्कम टॅक्सचे रिटर्न भरायला नेमकी हीच सकाळ धरा. पडद्यावर ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ असे दिसले आणि फास्ट लोकल चुकायची वेळ आली, की सरळ भिंतीवरचे बटण बंद करा. संध्याकाळी येऊन चालू कराल तेव्हा कॉम्प्युटर आपले अर्धवट काम एकेक करून निस्तरत असेल. तेवढ्यात चहा घ्या.

‘रीस्टार्ट’ हा पर्याय टाळा. शटडाउन करून पुन्हा चालू केले की झाले, दोन्ही एकच, असे ठामपणे म्हणा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तिच्यामुळे साध्या शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उठून बसतो, कालच्या दुखण्यासकट. कोरी सुरुवात होते ती रीस्टार्टने. म्हणूनच ते दाबायचे नाही.

एवढ्यावरही भागले नाही तर पुण्याच्या भाच्याला फोन लावा. तो मीटिंगमध्ये असतानाच लावा.

"मामा, स्क्रीनवर काय दिसतंय?"

"काही नाही. मी बंद केलं ते."

"पुन्हा चालू करा आणि जे येईल ते वाचून दाखवा."

"अरे, ते मी वाचलं असतं तर तुला फोन कशाला केला असता?"

उंटावरून शेळ्या हाकणे हेच त्याच्या पगारी नोकरीचे काम असल्याने तो चिडत नाही. निदान फोनवर तरी नाही.

शेवटचा उपाय लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे लिहिलेले असते, पण तीही कुणी वाचत नाही. ग्रँट रोडला उतरा, सीपीयू काखेत मारा आणि पहिल्या दुकानात ठेवा. दुकानदार केबल न लावताच निदान सांगेल, "फॉरमॅट मारना पडेगा." विंडोज १० ला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, हे त्याला पाठ असते. त्यामुळे नवी मशीनही तो तिथेच दाखवेल. जुन्यावर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवायची सोय विंडोज अपडेटच्याच पानावर दिसत होती, हे त्याच्याकडे चुकूनही काढू नका.

मग तो विचारेल, "डेटा में कुछ काम का है क्या?" मागे गिऱ्हाइके ताटकळलेली असतात, तुम्हालाही सहाच्या आत गाडी पकडायची असते. बिनधास्त "नहीं" म्हणा. नातवाच्या बारशाचे फोटो, पॉलिसीचे स्कॅन आणि तिन्ही बायोडाटा जातील खरे, पण सी ड्राइव्हवर ऐसपैस जागा होईल आणि ते अडलेले ॲप एकदाचे चढेल.