आधी राउटर बंद करून चालू करा

घरच्या डेस्कटॉपवर इंटरनेट रखडू लागले की काही भाबडी माणसे कारण शोधू लागतात. आपण तसे करू नये. कारण शोधले तर ते सापडण्याचा धोका असतो, आणि सापडलेच तर ते दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणावर तरी येऊन पडते. त्यापेक्षा राउटरचा खटका बंद करावा, मनात तीसपर्यंत आकडे म्हणावेत आणि खटका पुन्हा चालू करावा. ग्राहक सेवेच्या फोनवरील आवाज हेच करायला सांगणार आहे. ते आधीच करून झालेले असले तरी त्याच्या समाधानासाठी पुन्हा करावे, कारण त्याच्यासमोरच्या प्रश्नावलीत पहिल्या चौकोनात खूण केल्याशिवाय दुसरा प्रश्न उघडत नाही, आणि दुसरा प्रश्न बहुधा नसतोच.

तेवढ्याने फरक न पडल्यास ब्राउझरची कॅश पुसून टाकावी. ज्या फाइली आणि जी चित्रे पुन्हा पुन्हा मागवावी लागू नयेत म्हणून संगणकाने जपून ठेवलेली असतात, ती सगळी पुसून त्याच मंद जोडणीवरून नव्याने उतरवून घेणे हा गती वाढवण्याचा सर्वमान्य उपाय आहे.

त्यानंतर डीएनएस बदलावा. ८.८.८.८ हे आकडे तुम्हाला कोणीतरी पाठवलेले असतीलच, कारण गूगलने ही सेवा २००९ मध्ये सुरू केल्यापासून ते ताईताप्रमाणे वाटले जात आहेत, आणि २०१८ पासून त्यांच्या जोडीला १.१.१.१ हेही आले आहेत. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणे एवढेच डीएनएसचे काम. संथपणे बोलणाऱ्या माणसाला नव्या डायरीतून नंबर काढून फोन लावला म्हणून तो भरभर बोलू लागत नाही. पत्ता शोधून देणाराच सुस्त असेल तर पान उघडायला होणारा सुरुवातीचा विलंब कमी होईलही, पण मोठी फाइल उतरायला जितका वेळ लागत होता तितकाच लागेल. तरीही बदलावा. आकडे बदलले की आपण तंत्रज्ञ झाल्यासारखे वाटते, आणि त्या भावनेचे शुल्क कंपनी अजून लावत नाही.

विंडोज आपल्या जोडणीचा २० टक्के वाटा स्वतःसाठी दाबून ठेवते, हे रहस्यही विंडोज एक्सपीच्या काळापासून चालत आले आहे. हा वाटा अग्रक्रम मागणाऱ्या प्रोग्रामांसाठी असतो आणि ते काही पाठवत नसताना तो इतरांना मोकळाच असतो, असा खुलासा मायक्रोसॉफ्टने त्याच काळात केला होता. पण खुलासे वाचण्यासाठी नसतात; सेटिंग बदलण्यासाठी असते.

इंटरनेट दुप्पट वेगवान करून देणारे फुकट सॉफ्टवेअर अवश्य बसवावे. जोडणी मंदच राहील, पण निदान संगणक तिच्या बरोबरीला येईल.

टास्क मॅनेजर मात्र चुकूनही उघडू नये. तिथे नेटवर्कच्या रकान्यावर टिचकी मारली की जोडणी नेमके कोण खात आहे ते समोर येते आणि तर्क लढवण्याची सगळी मजा निघून जाते. एखादा गेम गुपचूप अद्ययावत होत असतो, किंवा घरातले सगळे फोटो बॅकअपसाठी क्लाउडवर चढत असतात. चढणाऱ्या डेटाने अपलोडची वाट तुंबली की राउटरच्या पोटात रांग लागते, त्या रांगेत उतरणाऱ्या डेटाच्या पोचपावत्याही अडकतात, आणि डाउनलोडची क्षमता रिकामी असूनही साधे पान उघडायला वेळ लागतो. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ असे नावही दिले. बॅकअपच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घालणे, किंवा राउटरमध्ये सोय असल्यास तिथे रांगेची शिस्त लावणे, हा यावरचा इलाज आहे. अर्थात, बॅकअप थांबवून स्पीड टेस्ट केली की आकडा झकास येतो, त्यामुळे हे दुखणे अस्तित्वातच नसल्याचे सिद्ध होते.

डेस्कटॉप वाय-फायवर असेल तर यूएसबी अडॅप्टर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, पत्रा आणि भिंत यांच्या बेचक्यात खोचावा, आणि त्यासाठी चालू यूएसबी ३.० उपकरणाच्या शेजारचे तोंड निवडावे. चालू असलेल्या यूएसबी ३.० उपकरणाचा विद्युत गोंगाट वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवले आहे. छोटी एक्स्टेन्शन वायर लावून अडॅप्टर टेबलावर आणला तर बराच फरक पडतो, परंतु मग टेबल अस्ताव्यस्त दिसते.

आता मुख्य उपाय सांगतो, आणि तो म्हणजे तंत्रज्ञाला घरी बोलावणे. माझा प्लॅन ३०० मेगाबिटांचा आहे आणि डेस्कटॉप केबलने जोडलेला आहे. त्यावर मात्र आकडा कधी ९४ तर कधी ९५ च्या घरात येऊन थबकत असे. नेटवर्कची तोंडओळख असलेल्या कोणालाही हा आकडा पाहताच कळावे की केबलची जोडणी १०० मेगाबिटांवर अडकली आहे, कारण डेटाची वेष्टने वजा जाता १०० मधून एवढेच उरते. नेटवर्क केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटांना त्यातल्या दोन पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटांना, चारही लागतात. टोकाच्या क्लिपमध्ये उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार नीट बसली नाही, तर इंटरनेट सहसा बंद पडत नाही. दोन्हीकडची यंत्रे बहुधा निमूटपणे १०० वर तडजोड करतात. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीची गती १०००/१००० ऐवजी १००/१०० दिसते. हे पाहायला एक मिनिटही लागत नाही. मी ते पाहिले होते, फोनवर सांगितले होते आणि लेखी तक्रारीतही नमूद केले होते.

तंत्रज्ञ आले. त्यांनी डेस्कटॉपकडे पाहिलेही नाही. राउटरपासून हातभर अंतरावर उभे राहून त्यांनी स्वतःच्या फोनवर, त्याच कंपनीच्या जाळ्यातल्या सर्व्हरशी स्पीड टेस्ट केली, मला ३०० चा आकडा दाखवला आणि “सर, लाइन एकदम ओके आहे, तुमच्या कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम आहे,” असे सांगून ते जिना उतरू लागले. राउटरपासून डेस्कटॉपपर्यंतची केबल याच कंपनीने टाकली होती, क्लिप त्यांच्याच माणसाने दाबली होती, आणि केबल तपासण्याचे यंत्र त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होते. पिशवीची चेन उघडली गेली नाही. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत तक्रारीचे निवारण झाल्याचा संदेश आला, पाठोपाठ सेवेला तारे देण्याची विनंती आली, आणि संध्याकाळी एका वेगळ्या विभागातून अत्यंत मधुर आवाजात फोन आला की, सर, आपल्याला गती कमी पडत असेल तर ५०० चा प्लॅन घ्या.

१०० वर अडकलेल्या केबलवर ५०० चा प्लॅन! याला अज्ञान म्हणता येत नाही, कारण ज्यांना हे कळत नाही त्यांना दूरसंचार कंपनी चालवता येणार नाही. घरोघरी किती डेस्कटॉप असे ९४ वर घुटमळत असतील आणि त्यांचे मालक महिन्यामागून महिने वरचा प्लॅन घेऊन तोच आकडा पाहत असतील, याचा हिशेब कंपनी ठेवत नाही, कारण तो ठेवण्यात तिचे नुकसान आहे. तंत्रज्ञाला दोष देऊन मला थांबायचे नाही. दिवसभरात किती तक्रारी बंद केल्या यावर ज्याचे मोल ठरते, तो तक्रारी बंदच करणार. लाज वाटायला हवी ती हा हिशेब आखणाऱ्यांना. ग्राहकाने दोष कोठे आहे ते लिहून दिल्यावरही त्याला राउटर बंद-चालू करायला लावणे हा अपमान आहे, आणि त्यावर तारे मागणे हा निर्लज्जपणा आहे.

आणि वाचकहो, तुम्हीही कमी नाही. दारातल्या माणसाला पुन्हा कशाला त्रास द्यायचा म्हणून तुम्ही पाच तारे देता, काम झालेले नसताना ‘झाले’ म्हणता, आणि नंतर ताईत वाटत बसता. पुढच्या वेळी त्याला फोन खिशात ठेवायला सांगा, डेस्कटॉपसमोर बसवा, केबलची दोन्ही टोके तपासायला लावा, आणि पडद्यावर १०००/१००० दिसल्याशिवाय तक्रार बंद करायला संमती देऊ नका. तो घाईत आहे म्हणाला, तर त्याच्या वरिष्ठाला फोन लावायला सांगा आणि तो लागेपर्यंत त्याला बसायला खुर्ची द्या.