दार लटकलं म्हणून ऑटो हिंज बदलायची घाई नको

कपाटाचं दार खाली आलं म्हणजे ऑटो हिंज (दाराच्या आतून बसणारे स्प्रिंगचे बिजागर) गेले, सगळे काढून दार हळू लावणारे सॉफ्ट-क्लोज बसवा, दारातल्या गोल भोकात बसणारा हिंजचा कप सगळ्यांचा ३५ मिमीचाच असल्यामुळे कुठलाही चालतो, स्क्रू सैल असतील तर लांब टाका आणि एक हिंज जास्तीचा लावा, असा सल्ला सगळीकडे फिरतोय. यातलं कपाचं माप तेवढं बहुतेक वेळा बरोबर आहे.

‘कुठलाही चालतो’ हे मात्र साफ चूक. दार बंद झाल्यावर कुठे बसणार हे कपापासून निघणाऱ्या हिंजच्या हाताचा बाक, म्हणजे क्रँक ठरवतो. कपाटाची १८ मिमीची साइड, म्हणजे बाजूची फळी, दाराने जवळपास पूर्ण झाकायची तर झिरो क्रँक. मधल्या एकाच पार्टिशनवर दोन्हीकडून दारं येत असतील आणि मध्ये ३ मिमी फट हवी असेल, तर प्रत्येक दाराला ७.५ मिमीच मिळतात. तिथे ८ किंवा ९ क्रँक. दार साइडच्या आत बसणारं असेल तर १५-१६ किंवा त्याहून मोठा. चुकीचा क्रँक आणला तर ॲडजस्टमेंटचा स्क्रू वाचवत नाही, कारण त्याची धाव साधारण दोन मिमी इकडे-तिकडे एवढीच असते. शिवाय कपाच्या दोन स्क्रूंमधलं अंतर कुठे ४५, कुठे ४८, तर कुठे ५२ मिमी. जुन्या भोकात नवा कप जाईल, पण स्क्रू नव्या जागी येतील.

आता लटकण्याबद्दल. हँडलकडची बाजू खाली आली असेल तर आधी प्लेटचे (हिंजचा साइडवर बसणारा भाग) आणि कपाचे स्क्रू घट्ट आहेत का ते बघा. घट्ट असतील तर वरच्या हिंजचा पुढचा, कपाजवळचा स्क्रू फिरवून दाराचं वरचं टोक हिंजच्या बाजूला ओढा आणि खालच्या हिंजने खालचं टोक उलट दिशेला ढकला. एका वेळी अर्धा फेरा, मग दार लावून बघायचं. मागचा स्क्रू दार आत-बाहेर नेतो. पूर्ण दार वर-खाली करायचं असेल तर प्लेटचे स्क्रू किंवा प्लेटवरचा कॅम, म्हणजे फिरवून उंची बदलायचा गोल खटका. नवीन हिंज आणण्याआधी दहा मिनिटं एवढंच करून बघावं.

लांब स्क्रूचा सल्ला तर महागात पडतो. १८ मिमीच्या दारात २५ मिमीचा स्क्रू टाकला की टोक पुढच्या सनमायक्यातून बाहेर येतं. कपाच्या भोकाची खोली १२-१३ मिमी, म्हणजे खाली उरतात पाच-सहा मिमी. तिथे ड्रिल बिटचं मधलं टोकसुद्धा जपून चालवावं लागतं. सैल झालेल्या भोकात फेविकॉल लावून लाकडी काडी ठोका, चोवीस तास वाळू द्या, वरची काडी कापा, २.५ मिमीचं भोक पाडून १६ मिमीचाच स्क्रू हाताने आवळा. ड्रिल मशीनने आवळला तर प्लायची पकड पुन्हा जाते. पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगला असेल तर ही काडीही टिकणार नाही, प्लेट आणि तिच्यासमोरचा कप दोन्ही वर किंवा खाली सरकवून कोऱ्या जागी लावा.

जास्तीचा हिंज? ६०० मिमी रुंद, १० किलोच्या दाराला दोन हिंज ४०० मिमी अंतरावर असतील तर वरच्या हिंजवर साधारण साडेसात किलोची आडवी ओढ येते. तेच ८०० मिमीवर लावले तर पावणेचार. म्हणून आधी टोकांचे हिंज कडेपासून १०० मिमीच्या आसपास ठेवा. उंच दाराला तिसरा-चौथा लागतोच, पण तो बाकीच्यांच्या रेषेत नसेल तर दार अडतं.

राहिलं सॉफ्ट-क्लोज. त्यातला डँपर फक्त आपटणं थांबवतो, वजन पेलत नाही. लहान हलक्या दाराला असे दोन हिंज लावले की दार शेवटी थोडं उघडं राहू शकतं. बऱ्याच हिंजांवर डँपर बंद करायची बारीक कळ असते. दोनपैकी एकाची बंद करा.