हळू चालव म्हणे!

परवा साताऱ्याहून लग्न उरकून पुण्याला निघालो, तर आमचे भावजी, म्हणजे नणंदेचे यजमान, पुढच्या सीटवर ऐसपैस बसलेले. मांडीवर तीन वर्षांचा नातू. चाइल्ड सीट? ती डिकीत. तिच्यावर आहेराच्या साड्यांची पिशवी.

म्हटलं, भावजी, पिल्लूला मागे बसवू, त्याच्या सीटमध्ये. तर म्हणे, "त्या खुर्चीत गुदमरतं गं लेकरू. आणि मी धरलंय ना घट्ट!"

घट्ट! अहो, लोणच्याची बरणी उघडायला चिरंजीवांना हाक मारता तुम्ही. पन्नासच्या स्पीडला गाडी कशावर आदळली तर तेच बारा-तेरा किलोचं पोर क्षणभर तीन-चारशे किलोच्या जोराने पुढे जातं. कोण धरणार ते? वर समोर एअरबॅग. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर येते आणि तिच्या आणि आजोबांच्या पोटाच्या मधोमध नातू.

पण थांबा, मुख्य प्रकार पुढेच आहे. गाडी सुरू केली, बेल्टची टिंगटिंग सुरू झाली. भावजींनी शांतपणे झब्ब्याच्या खिशातून एक क्लिप काढली. बेल्टच्या टोकाला असते तशी नुसती पट्टी, वर सोनेरी त्रिशूळ. खटकन खाचेत बसवली. टिंगटिंग बंद. आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा काही चांद्रयानाचा बिघाड यांनीच काढला. "दीडशेला मिळते. तुला पण आणून देतो."

माझ्या गाडीत! मला! या क्लिपा ऑनलाइन विकू नका म्हणून 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बड्या बड्या साइटना आदेश काढले. इकडे आमचे भावजी त्या खिशात घेऊन हिंडतात, सुपारीच्या डबीसारख्या.

मागच्या सीटची तर बातच सोडा. सासूबाईंची साडी चुरगळते. नवऱ्याला बेल्टचा हुक सापडत नाही, कारण तो त्या मेल्या सीट कव्हरखाली गाडला गेलाय. ते कव्हरही भावजींच्याच ओळखीच्या माणसाकडून आलेलं. "मागे कशाला लागतो बेल्ट?" हे वर आहेच. 2022 च्या सप्टेंबरात पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा याच मंडळींनी चार दिवस टीव्हीपुढे बसून हळहळ केली होती. पुढचे दोघं जखमी झाले पण वाचले, मागचे दोघं गेले, आणि मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते. महागातली जर्मन गाडी होती ती. आमची हॅचबॅक आहे.

आणि जरा आवाज चढवला की ठरलेलं उत्तर: "शुभकार्याहून निघालोय, अभद्र बोलू नकोस. तू फक्त हळू चालव."

हळू चालव म्हणे! मी हळूच चालवते हो. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतच्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेला जो ट्रक मागून येतो ना, त्याला सांगा हळू चालव. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या वळणावर लेन कापणाऱ्याला सांगा. पाऊस पडला की चारही इंडिकेटर लावून सुसाट सुटणाऱ्याला सांगा. तो वळणारे, थांबणारे की नुसताच घाबरलाय, ब्रह्मदेवालाही कळत नाही. सनरूफमधून पोरं बाहेर काढून एक्सप्रेसवेवर रील काढणाऱ्या बापाला सांगा. अपरच्या उजेडात समोरच्याला आंधळं करणाऱ्यांना तर काय सांगणार, त्यांना डिपर नावाची वस्तू गाडीत असते हेच माहीत नसतं.

चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय सापडलं तर हजार रुपये दंड. 2019 पासून आहे. आजोबांना नाही हं, चालवणाऱ्याला! म्हणजे पोर त्यांच्या मांडीवर, पावती माझ्या नावावर.

शेवटी मी गाडी बंद केली. किल्ली काढून पर्समध्ये टाकली. म्हटलं, सगळ्यांचे बेल्ट लागल्याशिवाय गाडी हलणार नाही. भर मे महिना, दुपारचे दोन, एसी बंद. आता या सत्याग्रहात सगळ्यात जास्त हाल कुणाचे? नऊवारी नेसून, नथ-अंबाडा अशा थाटात स्टिअरिंगमागे बसलेल्या माझे. (गाडी चालवायची होती, नऊवारी शिवलेली होती, उगाच शंका नकोत.) अंबाड्यातला गजरा करपला, काजळ गालावर आलं. कार्यालयाचा वॉचमन येऊन खिडकीवर टकटक करून म्हणाला, "ताई, धक्का मारू का?"

त्या धक्क्याच्या भीतीने म्हणा किंवा पिल्लूने भोकाड पसरल्यामुळे म्हणा, मंडळी हलली. साड्यांची पिशवी सासूबाईंच्या पायाशी आली, सीट मागे बसली, नवऱ्याने कव्हरमध्ये कोपरापर्यंत हात घालून हुक उकरून काढला. पिल्लू त्या "गुदमरणाऱ्या" खुर्चीत शिरवळ यायच्या आत गाढ झोपलं. भावजी पुण्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, हा वरचा फायदा.

फॅमिली ग्रुपवर माझं नाव आता "आरटीओ वहिनी". चालेल. काल भावजींचा मेसेज आलाय, माझी क्लिप तुझ्या गाडीत राहिली का म्हणून. मी दीडशे रुपये पाठवलेत. क्लिप घंटागाडीत गेली.