सोवळ्यातला दारूगोळा

समजा, उद्या तुमच्या हाती एखादं कॅथलिक विद्यापीठ आलं. हसू नका, अमेरिकेत अशी दोनशेच्या आसपास आहेत, कुणाला तरी ती चालवावी लागतातच. चॅपल आहे, घंटा आहे, हिरवळ आहे, फक्त प्रयोगशाळेचं छप्पर गळतंय. आणि तिकडे संरक्षण खातं थैलीचं तोंड सैल करून बसलंय. घ्यावं की न घ्यावं? घ्या हो! शिकायचंय ते एवढंच, की घेऊन नामानिराळं कसं राहायचं. आपल्याकडे सोवळं पाळणाऱ्या घरांना ही विद्या पाठ होती: माणसाला शिवायचं नाही, त्याचा पैसा मात्र वरून टाकून घ्यायचा आणि पाणी शिंपडून आत न्यायचा. पाणी कुठून आणायचं ते पुढे येईलच.

पहिला धडा फादर ज्युलियस न्यूलंड यांच्याकडून घ्या. साल १९०४, वॉशिंग्टनची कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका. हे तरुण पाद्री डॉक्टरेटसाठी अ‍ॅसिटिलीनवर प्रयोग करत होते. एकदा त्यांनी तो वायू आर्सेनिक ट्रायक्लोराइडशी जुळवून पाहिला. काळं, चिकट, मळमळ आणणारं काहीतरी तयार झालं आणि फादर थेट इस्पितळात. बरे होऊन आल्यावर त्यांनी त्या वाटेला जायचंच सोडलं. प्रबंधात चार ओळी लिहिल्या आणि नोत्र दाम विद्यापीठात जाऊन ते वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत राहिले.

इथवर गोष्ट निर्मळ आहे. पण प्रबंध कपाटात होता ना! १९१८ साली युद्धखात्याचे कॅप्टन विनफर्ड ली लुईस त्याच कॅथलिक युनिव्हर्सिटीच्या मॅलोनी हॉलमध्ये विषारी वायू शोधायला येऊन बसले. न्यूलंड यांचे जुने मार्गदर्शक फादर जॉन ग्रिफिन यांनी त्यांना तो प्रबंध दाखवला. त्यातून निघालं लुईसाइट: कातडीवर पडलं की फोड, डोळ्यात गेलं की आंधळेपण, आणि वास म्हणाल तर जिरेनियमच्या पानांचा. ओहायोत कारखानाही उभा राहिला. पण नोव्हेंबरात युद्धच संपलं आणि माल रणांगणावर पोचायचा राहिला.

आता यात पाप कुणाचं, सांगा. एकाने नुसती नोंद केली, दुसऱ्याने नुसतं पान उघडून दिलं, तिसरा तर बोलून चालून शिपाईच. नाव पडलं कॅप्टनचं, विद्यापीठाचं कुठेच नाही. म्हणून प्रबंध जाळायचा नाही आणि वापरायचाही नाही. कपाटात ठेवायचा आणि किल्ली आपल्याच माणसाकडे द्यायची. त्या मॅलोनी हॉलमध्ये आता व्यवस्थापनशास्त्र शिकवतात. जागा अगदी योग्य निवडली.

पुढचं शिक्षण इंडियानातल्या नोत्र दाममध्ये. दुसऱ्या महायुद्धात पोरं लढायला गेली, वर्ग ओस पडले, तेव्हा नौदलाने आपले उमेदवार अधिकारी तिथे प्रशिक्षणाला पाठवले आणि विद्यापीठ तरलं. हे ऋण नोत्र दाम मानतं: नौदलाच्या अकादमीशी दरवर्षी अमेरिकन फुटबॉलचा सामना खेळायचाच, ही रीत त्यांनी सोडली नाही. १९६४ पासून नौदल ओळीने ४३ वेळा हरलं, २००७ साली एकदाचं जिंकलं. मिठाला जागावं तर असं, आणि गुण मोजू नयेत तर तेही असं.

विद्यार्थ्यांचं काय? ती जात वेडी; बायबल वाचतात आणि खरं मानतात. यावर फादर थिओडोर हेसबर्ग यांचा उतारा जपून ठेवा. १९६९ च्या फेब्रुवारीत विद्यापीठाच्या या अध्यक्षांनी पत्रक काढलं: कामकाज अडवणाऱ्या निदर्शकांना चिंतनासाठी १५ मिनिटं, त्यानंतर कारवाई. पंधरा मिनिटं! प्रभूने वाळवंटात चाळीस दिवस घेतले होते, पण त्याला वेळापत्रक नव्हतं. राष्ट्राध्यक्ष निक्सननी कौतुक कळवलं. नोव्हेंबरात, आग लावणाऱ्या बॉम्बांसाठी नेपाम बनवून बदनाम झालेल्या डाऊ केमिकलचे आणि सीआयएचे लोक नोकरभरतीला आले. पोरं दारात आडवी आली. घड्याळ लावलं गेलं. दहा जणांवर बडगा पडला. (हेसबर्ग खलनायक नव्हते, हीच तर अडचण आहे. नागरी हक्कांसाठी ते निक्सनशीही भांडले. खलनायक असता तर काम इतकं नीटनेटकं झालं नसतं.)

आणि हेच हेसबर्ग १९८६ साली शांतता-अभ्यासाची संस्था उभी करतात. देणगी जोन क्रॉक यांची, म्हणजे मॅकडोनाल्डच्या हॅम्बर्गरची. मघाशी पाणी म्हणालो ते हेच. अशी एक संस्था तुमच्याकडे हवीच. पाहुण्यांना आधी तीच दाखवा.

प्रयोगशाळा दाखवायची वेळ आलीच तर घाबरू नका, भाषा तुमच्या बाजूने आहे. नोत्र दाममध्ये हवेचा झोत सोडून चाचण्या घ्यायचा एक वातबोगदा आहे, ध्वनीच्या सहापट वेगाचा. अशा वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या अंगालगतचा हवेचा थर सरळ वाहतो तोवर ठीक. तो खवळला की उष्णता एकदम वाढते. नेमका कुठे खवळतो हे क्षेपणास्त्र करणाऱ्याला कळायलाच हवं. साध्या बोगद्यात भिंतीलगतची हवाच इतका गोंगाट करते की थर वेळेआधीच खवळतो आणि मापं चुकतात. म्हणून या बोगद्याचं नळकांडं आतून आरशासारखं घासलेलं असतं आणि अभियंते त्याला म्हणतात ‘शांत बोगदा’. एकाच आवारात शांततेची दोन दुकानं! पाहुण्यांना म्हणा, आमच्याकडे शांततेवर फार मूलभूत काम चालतं. खोटं बोलल्याचं पाप लागणार नाही. ‘शस्त्र’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका, ‘उष्णतावहन’ म्हणा. उष्णतावहनाच्या विरोधात आजवर कुणी मोर्चा काढलेला नाही.

राहता राहिलं प्रायश्चित्त, तर त्याचंही कंत्राट मिळतं. लुईसाइटवाल्या त्याच कॅथलिक युनिव्हर्सिटीत १९६८ पासून काचेची एक नामांकित प्रयोगशाळा आहे. हॅनफर्डच्या सरकारी अणुकारखान्यात बॉम्बसाठी प्लुटोनियम काढून झाल्यावर उरलेला किरणोत्सारी गाळ १७७ टाक्यांत भरून ठेवलाय. तो काचेत कसा गोठवायचा याच्या पाककृती तिथे तयार होतात. काम खरोखर चांगलं आहे, थट्टा नाही. हॅनफर्डचंच प्लुटोनियम ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीच्या उराकामी भागावर फुटलं. तिथल्या कॅथेड्रलमध्ये त्या वेळी भाविक पापाची कबुली द्यायला आले होते. ते आणि त्यांची कबुली ऐकणारे पाद्री, कुणीच उरलं नाही.

हा तपशील वार्षिक अहवालात घालू नका. काचेचा रंग कोणता, तेवढं लिहा.