गावाचं नाव टाका, मग गाव सापडेल

परवा एका रेकॉर्ड रूमच्या खिडकीतून माझा अर्ज परत आला. का, तर 'गाव' हा रकाना रिकामा. अहो, पणजोबांचं जन्मगाव सापडेना म्हणून तर जन्मनोंदीची नक्कल मागतोय! "गावाचं नाव टाका, मग शोधता येईल," खिडकी म्हणाली आणि जेवणाच्या डब्याकडे वळली.

चीड याची की खिडकीचं बरोबर होतं. जुनी जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना नंबर १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. गठ्ठे गावनिहाय बांधलेले. गाव नाही तर गठ्ठा नाही. गठ्ठा सुटला तरी बाळाचं नाव शोधत बसू नये. नोंद पुष्कळदा बारशाआधीची, त्यामुळे बापाचं नाव आणि पुढं नुसतं 'मुलगा'. त्यात लिपी मोडी. आधी ओळभर रेघ, मग तिला टांगलेली अक्षरं. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही.

माझ्या हातात होती नाशकात रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतली, म्हणजे यजमानांच्या पिढ्या टिपलेल्या वहीतली, एक ओळ : 'शके १८१५, फाल्गुन, मौजे पिंपळगाव'. शकात ७८ मिळवून मी ऐटीत १८९३ लिहिलं. फाल्गुन इंग्रजी वर्ष उलटल्यावर येतो, तिथं ७९ धरायचे, म्हणजे १८९४. तेही जन्माचं साल नव्हेच, कुणी अस्थी घेऊन नाशकात आला त्याचं.

एवढ्यात मागचे काका पुढं झुकले. बगलेत कापडी पिशवी, कानावर पेन. "पिंपळगाव? मग बसवंतच."

"काका, पिंपळगाव बहुला आहे, खांब आहे, इगतपुरीकडे मोर, देवळ्याकडे वाखारी..."

"तिथं काय आहे? बसवंतला टोमॅटोचं मार्केट आहे!"

"१८९४ साली?"

"मग कांदा धरा."

रांग हसली. मी शाळेच्या जनरल रजिस्टरकडे वळलो, तर काकांनी तेही उडवलं. "जन्मस्थळ? गुरुजी शाळेचंच गाव टाकायचे. तारीख १ जून. माझीपण १ जूनच आहे." आणि मग सहज म्हणाले, "पहिलं पोर ना? पहिलटकरीण माहेरी जाते. पणजोबांच्या आईचं माहेर कुठलं?"

मी गप्प. महिनाभर बापाच्या गावाचे गठ्ठे हुंगत होतो. पणजोबांच्या आईचं माहेर कुठल्याच कागदावर नाही. सातबाऱ्यावर पणजोबा, नामावळीत पणजोबा, पणजोबांचा बाप, त्याचाही बाप. सात पिढ्यांचे बाप ओळीनं उभे आणि बाळंतपण जिचं झालं तिचं नावही नाही. वर आम्ही वंशवेल म्हणून ते फ्रेम करून भिंतीवर लावतो.

मी भानावर आलो तोवर काकांनी कानावरचं पेन काढून माझ्या अर्जावर ठळक अक्षरात 'बसवंत' लिहून टाकलं होतं. मी खोडलं. डबा संपवून खिडकी परत आली, अर्जाकडे पाहिलं.

"खाडाखोड चालत नाही. नवा अर्ज, नवा कोर्ट फी स्टॅम्प."

स्टॅम्प विकणारा तेवढ्यात जेवायला गेला होता.